बिनशेंगदाण्याची फेरी

मुलीच्या आईचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी दाण्याचं कूट करत होते. मिक्सरच्या आवाजात तिचं पहिलं वाक्य नीट कळलं नाही, म्हणून मी तो बंद केला. ती म्हणाली, "काकू, माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही, असं नव्हे. एक दाणा पोटात गेला तरी तिचा श्वास बंद होऊ शकतो. तुमच्या फेरीला आम्ही आलो तर चालेल का? आधीच स्पष्ट सांगा, मला वाईट वाटणार नाही."

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणणं मला कमीपणाचं वाटतं, आणि समोरचं माणूस पुण्याचं, मराठी बोलणारं. राजधानी हलली तेव्हा आमचे वडील नागपूरहून ऑफिसच्या फायलींबरोबर भोपाळला आले, आम्ही भावंडं तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, लग्नानंतर मी आनंद नगरला आले. सगळा जन्म हिंदीत गेल्यामुळे फोनवर कुणी चोख मराठीत 'काकू' म्हटलं की मी विरघळतेच.

मी मंत्रालयात आस्थापना शाखेत होते. आलेल्या प्रत्येक फायलीत त्रुटी काढणं हे माझं काम, आणि ते मी इतकं मन लावून केलं की माझ्या टेबलावर फाइल पाठवायला लोक घाबरत. निवृत्त झाल्यावर बायका नातवंडं सांभाळतात, मी पाहुणे सांभाळायला घेतले. आठवड्यातून तीन संध्याकाळी जुन्या शहरात चौकापासून इब्राहिमपुऱ्यापर्यंत चालत फिरवायचं, आठ-दहा ठिकाणी खाऊ घालायचं, दोन गोष्टी सांगायच्या. कोण तेल बदलत नाही, कोण मावा शिळा वापरतो, हे मला सगळं पाठ. दुकानदार मला वचकून असतात, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतं.

तेव्हा मी म्हणाले, "या तुम्ही. सगळं मी बघते."

आणि बघितलं. त्याच रात्री दाण्यांची बरणी आणि कुटाचा डबा माळ्यावर गेला. मिक्सरचं भांडं तीनदा घासलं. यांना चिक्की खाऊन कशालाही हात लावायचा नाही अशी ताकीद दिली, तर हे म्हणाले, "मलाही माळ्यावरच टाक आता." चार दिवस ती पोरगी हॉटेलात उकडलेली अंडी आणि केळी खाऊन आहे, असं आई म्हणाली होती. बाहेर कुठे काही जमलं नाही तर ती उपाशी राहायला नको, म्हणून सकाळी मी तिच्यासाठी कोथिंबीर वडी केली. कोथिंबीर निवडून, धुऊन, फडक्यावर कोरडी केली, डब्यातलं पीठ घेतलं, उंडे वाफवले, नव्या पिशवीतल्या तेलात वड्या तळल्या. त्या वड्यांचा मला अभिमान वाटत होता, हे आज लिहायची लाज वाटते, पण वाटत होता.

संध्याकाळी त्या दोघी ठरल्या जागी उभ्या होत्या. मुलगी नऊ वर्षांची, किडकिडीत, दोन वेण्या. आईच्या खांद्याला एक लाल पाउच, त्यात इंजेक्शनचं पेन. आईने ते मला उघडून दाखवलं, कसं मांडीत टोचायचं, किती वेळ धरून ठेवायचं, सगळं. "माझे हात थरथरले तर तुम्ही करायचं," ती म्हणाली.  मी मान डोलावली.

मुलगी मात्र निवांत होती. तिची एक पद्धत होती. प्रत्येक खाण्याच्या गाडीसमोर ती टाचा उंचावून उभी राहायची आणि स्वतः विचारायची, "अंकल, इसमें मूंगफली है? तेल कौन-सा है? इसी कढ़ाई में और क्या तलते हो?" आईने तिला घोटून शिकवलं होतं की दुसऱ्याने विचारलं असलं तरी आपण विचारायचं. उत्तर समाधानाचं नसलं तर ती "शुक्रिया" म्हणून मागे व्हायची आणि नुसतं बघत राहायची. तिला बघायलाही आवडत होतं.

नेहमी जी गल्ली मला घरासारखी वाटते, ती त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट दिसली. जिकडेतिकडे शेंगदाणाच. चाटवाल्याच्या परातीत दाणे, नमकीनच्या ढिगात दाणे, पोह्यांवर तळलेले दाणे, गुळाच्या पट्ट्यांतही दाणेच. रस्त्यावर पायाखाली टरफलं चुरचुरत होती. मी पुढे, मुलगी मध्ये, आई मागे, अशा आम्ही एका रांगेत चाललो. चौकाच्या वळणावर भाजलेल्या शेंगांची हातगाडी, ढिगावर धुमसत्या निखाऱ्यांचं मडकं ठेवलेली, गर्दीच्या रेट्याने सरकत थेट आमच्या अंगावर आली. आईने ओढणी मुलीच्या तोंडावर धरली. गाडीवाला म्हणत होता, "ले लो भई, गरमागरम," आणि एका गिऱ्हाइकाच्या ओंजळीतली टरफलं वाऱ्याने उडत होती. मी गाडीच्या दांड्याला धरून ती मागे ढकलली. गाडीवाला ओरडला, मी त्याच्या दुप्पट ओरडले. वाट मोकळी झाली. मुलगी ओढणीआडून म्हणाली, "आजी, तुम्ही भांडता छान."

नमकीन चहाच्या दुकानात ती पहिल्यांदा काही प्यायली. मीठ घातलेला दुधाचा चहा, वर साय. तिने तीन प्रश्न विचारले, मी पुन्हा तेच विचारले, मग तिने घोट घेतला आणि असं तोंड केलं की चहावाला हसला. आईने समोरच्या दुकानातला कबाब खाल्ला, दोनदा हात धुतले. सगळं ठीक चाललं होतं, आणि ठीक चाललंय असं वाटलं की मी लाल पाउच जागेवर आहे ना ते परत बघायचे.

मग जलेबीवाला. साठी उलटलेला माणूस, मेंदी लावलेली दाढी, भट्टीपुढे मांडी घालून बसलेला. गर्दी बरीच होती. मुलीने विचारलं, त्याने सांगितलं, "बेटा, मैदा, दही, घी, शक्कर. मूंगफली इस भट्टी पे कभी चढ़ी नहीं." मी विचारलं. त्याने तेच सांगितलं. मला त्याचा चेहरा वाचता येईना, म्हणून मी परत विचारलं, तूप कुठलं, डबा दाखवा, मैदा कुणाकडून आणता. त्याने झारा कढईच्या काठावर ठेवला. "तीसरी बार पूछ रई हो, बहनजी. झूठा समझ रई हो क्या?"

"बच्ची का सवाल है," मी म्हणाले. खरं तर मी त्याला खोटा समजत होतेच. त्या गल्लीत मी सगळ्यांनाच थोडं खोटं समजते. घाण, शिळं, भेसळ हे सगळं बाहेर असतं आणि घरातलं तेवढं चोख, असं आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही शिकलो, आणि ते कुठल्या शाळेत शिकवलं नाही म्हणून पुसलंही गेलं नाही.

त्याने झारा धुतला, घाण्यातली जुनी जलेबी बाजूला काढली आणि नवी पाडली. मुलीने एक खाल्ली. हाताला पाक लागला, तो चाटला. आई तिच्याकडे टक लावून बघत होती. काही झालं नाही.

पुढे थोड्या अंतरावर बंद दुकानाची पायरी होती, तिथे आम्ही बसलो. मी पिशवीतून डबा काढला. झाकण उघडताच कोथिंबिरीचा वास आला आणि मुलीचे डोळे मोठे झाले. "कोथिंबीर वडी!" ती म्हणाली. चार दिवसांत तिला घरचं पहिल्यांदा दिसत होतं. आईने विचारलं, "काकू, कूट नाही ना यात?"

"अहो, डबाच माळ्यावर टाकलाय," मी म्हणाले.

मुलीने हात पुढे केला, मग थांबली. तिचं तोंड उघडलं. मला कळलं की आता तिचे तीन प्रश्न येणार. आणि मला लागलं ते. अख्खी संध्याकाळ मी तिच्यासाठी जगाशी भांडतेय आणि ही मलाही त्या गाडीवाल्यांच्या रांगेत उभं करतेय! मी हसत म्हटलं, पण त्या हसण्यात धार होती, "मलासुद्धा विचारणार का गं तू?"

ती ओशाळली. आईकडे बघितलं. आईही ओशाळून हसली, आपली माणसं, वयाने मोठी, एवढं करून आणलंय. मुलीने मान हलवली आणि वडी उचलली. एक खाल्ली. दुसरी खाल्ली.

तिसरीला हात घालता घालता ती ओठ चोळायला लागली. मग गळा खाजवला. "आई, जीभ जाड झालीये," ती म्हणाली, आणि तिचा आवाज वेगळाच होता, घोगरा. गालावर लाल चट्टे उठले. खोकला सुरू झाला तो थांबेना. आईने एका क्षणात तिला पायरीवर आडवं केलं, पाउच उघडलं, पेन मांडीत दाबलं. तिचे हात थरथरले नाहीत. थरथरत माझे होते.

"जलेबी," आई म्हणाली. "जलेबीच असणार."

मला दुसरं काही सुचलंच नाही. मी धावत मागे गेले. भट्टीभोवती पंधरा-वीस माणसं, द्रोण हातात घेतलेली. मी ओरडले, "क्या डाला था इसमें? बच्ची की जान जा रही है! मूंगफली का तेल मिलाते हो और कसम खाते हो!" माझा आवाज किती मोठा आहे हे मला ठाऊक आहे. सगळी गल्ली वळली. एका बाईने हातातला द्रोण नाल्यात टाकला. दुसऱ्याने आपल्या मुलाच्या तोंडातली जलेबी बोटांनी काढली.

तो माणूस उठला. वाद घातला नाही. भट्टी बंद केली आणि विचारलं, "किधर है?" मी हात दाखवला. तो माझ्यापुढे धावला, हातात तापलेला झारा तसाच, आणि तो झारा उंच धरून गर्दी बाजूला करत राहिला. "रास्ता दो, बच्ची है, रास्ता दो!" मोटरसायकली थांबल्या, हातठेले भिंतीला लागले. आईने मुलीला उचललं होतं. त्याने एका रिक्षाला अक्षरशः आडवा होऊन थांबवलं, आम्हाला आत कोंबलं आणि रिक्षाच्या पुढे धावत वळणापर्यंत वाट काढून दिली.

दवाखाना जवळ होता म्हणून वाचलो. तिला लगेच आत घेतलं, तोंडावर मास्क, दुसरं इंजेक्शन, सलाइन. मी भिंतीला टेकून उभी होते आणि तिच्या छातीकडे बघत होते, वर जाते का, खाली येते का. एवढंच जग उरलं होतं. देवाचं नाव घ्यावं हेही सुचलं नाही. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाईंनी मास्क नीट केला आणि म्हणाल्या, हवा आत जातेय, आता धोका कमी आहे, पण काही तास ठेवावं लागेल, हे परत उलटू शकतं. त्यासाठी नेमकं काय आणि किती खाल्लं ते कळायला हवं.

तेवढ्यात दारात जलेबीवाला उभा राहिला. घामाने सदरा अंगाला चिकटलेला. हातात कागदाच्या पुड्या. त्याने त्या टेबलावर एकेक करून ठेवल्या. मैदा. घी. शक्कर. दह्याचं पातेलंही आणलं होतं. "डॉक्टर साब, इसको जांच लो," तो म्हणाला. "मेरे यहाँ तो मूंगफली नईं आती. पर मैदा बाजार का है. क्या मालूम चक्कीवाले ने क्या पीसा हो. मेरी गलती हो तो बता दो, मैं भट्टी तोड़ दूँगा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शक्य आहे, गिरणीत मिसळ होऊ शकते. आईने मान हलवली. झालं. सगळ्यांनी मान्य केलं होतं, त्या माणसानेही. मी काही बोलायची गरजच नव्हती.

मुलगी मास्कआडून पुटपुटली. आई वाकली. मीही वाकले, कारण तिचा आवाज फुटतोय हेच मला खूप वाटलं. ती म्हणाली, "आई, सॉरी. मी आजींना विचारलंच नाही. चुकलं माझं."

आईने तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि सहज, संशयाने नव्हे, फक्त यादी पुरी करायची म्हणून माझ्याकडे बघून म्हणाली, "वडीत काय काय होतं काकू? डॉक्टरांना सांगू या."

"कोथिंबीर," मी म्हणाले. "मीठ, तिखट, ओवा, हळद. वडीचं पीठ."

"वडीचं पीठ म्हणजे बेसन ना?"

मी हो म्हणणार होते. वडीचं पीठ म्हणजे वडीचं पीठ. माझी आई नोकरी करायची, रविवारी महिन्याचं पीठ एकदाच मिसळून डबा भरून ठेवायची, म्हणजे ऑफिसातून आल्यावर नुसती कोथिंबीर चिरली की झालं. मीही नोकरीभर तेच केलं, अजून करते. दर महिन्याला, त्याच मापाने. हात आपोआप चालतो. बेसन चार वाट्या, तांदळाचं पीठ एक, तीळ अर्धी, आणि.

भरड कूट एक वाटी.

 दाण्यांची बरणी माळ्यावर, कुटाचा डबा माळ्यावर, आणि पिठाचा डबा ओट्यावर, रोजच्या जागी, मीच माझ्या हाताने उघडलेला. चार-पाच सेकंद असतील. त्या सेकंदांत मी गप्प राहायचा विचार केला. हे मला लिहिलंच पाहिजे. टेबलावर मैद्याची पुडी होती, सगळ्यांचं समाधान झालं होतं, आणि मी ठरवून गप्प राहायचा विचार केला.

मग मुलीने परत तोच शब्द उच्चारला, सॉरी, आणि माझ्याच्याने ते ऐकवेना.

"जलेबी नव्हती," मी म्हणाले. "माझ्या वडीत कूट होतं. पिठात मिसळलेलं होतं, मी विसरले. आणि ती विचारत होती, मी विचारू दिलं नाही." मग त्या म्हाताऱ्या माणसाकडे वळून तेच हिंदीत सांगितलं. हिंदीत ते आणखी उघडं वाटलं.

आईने फक्त एवढंच विचारलं, "किती वड्या?" मी म्हणाले, दोन. तिने ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. मग मुलीच्या कानाशी जाऊन म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. ऐकलंस? काहीही नाही." माझ्याकडे तिने पुन्हा बघितलं नाही. तिने बघावं अशी अपेक्षाही मी केली नाही. दुसऱ्या दिवशी मुलीला दवाखान्यातून सोडलं, हे मला डॉक्टरीणबाईंकडून कळलं.

जलेबीवाल्याने पुड्या गोळा केल्या. घाई नव्हती त्याला. दह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवलं. "बच्ची बच गई, बस," तो म्हणाला आणि निघाला. मी त्याच्या मागे गेले.  दुकानाशी आल्यावर मी म्हटलं, "मी सगळ्यांसमोर बोलले होते. आता सगळ्यांसमोर सांगते." त्याने खांदे उडवले आणि भट्टी पेटवली.

मी रस्त्यात उभी राहिले आणि मोठ्याने सांगायला लागले. यांच्या जलेबीत काही नव्हतं, चूक माझी होती, माझ्या घरच्या डब्यातली. लोक थांबले, ऐकायला लागले. आणि मग मला दिसलं की यांतलं कुणीच मघाशी इथे नव्हतं. ज्यांनी द्रोण फेकले ती माणसं केव्हाच आपापल्या मोहल्ल्यात गेली होती, आणि काय सांगत गेली असतील ते मला ठाऊक होतं. समोरच्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांना मीच सांगत होते, की आज इथे जलेबी खाल्ल्यावर एक मुलगी मरता मरता वाचली.

"अब रेन दो, बहनजी," तो मागून म्हणाला. "मत बोलो."

पण एक बाई पुढे आली होती, कडेवर लहान मुलगा. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारूनही घेतलं. मग "शुक्रिया" म्हणाली, मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं, आणि जलेबी न घेता पुढे निघून गेली.